गॅरेजचे दार आजच तपासा : ब्रिटनमधल्या मराठी घरांना तातडीचे आवाहन

दिवाळी जवळ आली आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासाभराने मागे जातील आणि तिथून मार्चपर्यंत ब्रिटनमधली आपली घरे दारे-खिडक्या लावून, हीटिंग चालू ठेवून राहतील. नेमक्या याच काळात घराला जोडलेल्या गॅरेजमधला गाडीचा धूर, पेट्रोलची वाफ आणि तिथे पेटवलेल्या शेगडीचा विषारी वायू आपल्या बैठकीच्या खोलीत आणि मुलांच्या बेडरूममध्ये शिरतो. म्हणून हे आवाहन आज, चकलीचा पहिला घाणा गॅरेजमध्ये पडण्याआधी.

सगळे वाचायला सवड नसेल त्यांनी एवढे तरी करावे. गॅरेजमध्ये काहीही पेटवू नका, शटर सताड उघडे असले तरीही. गाडी गॅरेजमध्ये उभी असताना इंजिन चालू ठेवू नका, एक मिनिटही नाही. घर आणि गॅरेज यांच्यामधले दार पाचर लावून उघडे ठेवू नका. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आज संध्याकाळी घरी जाताना विकत घ्या. ज्यांना सवड आहे त्यांनी पुढचेही वाचावे, कारण यातली जवळजवळ प्रत्येक चूक आपल्याकडे चांगल्या हेतूने होते.

रेडिंग, मिल्टन कीन्स, स्लाऊ, हॅरो, लेस्टर, सॉलिहल, मँचेस्टरची उपनगरे. आपली माणसे जिथे घर घेतात तिथल्या गेल्या पन्नास-साठ वर्षांत बांधलेल्या कितीतरी घरांत गॅरेज घराच्या पोटातच असते. खाली गॅरेज, त्यावर बेडरूम, शेजारी स्वयंपाकघर किंवा जिना, आणि मध्ये एक दार. गाडी बहुधा बाहेर ड्राइव्हवेवर उभी असते. आत दुसरा फ्रीझर, तांदळाची पोती, भारतातून आलेल्या बॅगा, गणपतीचे मखर, रंगाचे अर्धवट डबे, गवत कापायचे यंत्र आणि त्याच्या पेट्रोलचा कॅन. बऱ्याच घरांत बॉयलरही तिथेच. नव्या वसाहतींमध्ये तर ‘कोच हाउस’ नावाचा प्रकार असतो : खाली ओळीने तीन-चार गॅरेजेस, त्यांवर एक फ्लॅट. तरुण जोडप्यांचे पहिले घर पुष्कळदा हेच असते, आणि खालची गॅरेजेस दुसऱ्यांच्या ताब्यात असतात. आपल्या बिछान्याखाली कोण काय चालू ठेवतो आहे, हे वरच्या माणसाला कळतही नाही.

गॅरेज म्हणजे घराबाहेरची जागा, असे आपण धरून चालतो. हवेला हा हिशेब मान्य नाही. हिवाळ्यात घरातली तापलेली हवा वर चढते आणि वरच्या मजल्यावरच्या फटींतून, पोटमाळ्याच्या झडपेच्या कडेने बाहेर निसटते. तिची जागा भरायला खालून गार हवा ओढली जाते, आणि खालची सर्वांत गार, सर्वांत फटीफटींची जागा म्हणजे गॅरेज. बाहेर थंडी जितकी कडाक्याची तितकी ही ओढ मोठी. त्यात आपल्या स्वयंपाकाची भर. फोडणीचा आणि तळणीचा वास पडद्यांना लागू नये म्हणून कुकरवरचा पंखा पूर्ण वेगाने लावला जातो आणि थंडी आत येऊ नये म्हणून खिडकी बंद राहते. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. शेजारी गॅरेजचे दार असेल तर ती त्या दाराखालून येते. पंखा लावाल तेव्हा बाहेरच्या भिंतीतली खिडकी दोन बोटे उघडी ठेवा. याला एक पैसा पडत नाही.

गॅरेजचा वास घरात येतो ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते, आणि त्यावरचा घरगुती उपायही : सुगंधी फवारा, कापूर, उदबत्ती. कृपा करून हे थांबवा. पेट्रोलचा किंवा रंगाचा वास जिन्यात येतो याचा अर्थ गॅरेजपासून तुमच्या खोलीपर्यंत हवेची वाट उघडी आहे. त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून श्वास नीट चालू असतानाही मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वासाचे द्रव्य मिसळलेले असते, त्यामुळे गळती नाकाला कळते. इथे नाक काहीच कामाचे नाही. वासावर अत्तर शिंपडणारा माणूस हातात आलेली एकमेव खूण पुसून टाकतो.

आताच्या गाड्या स्वच्छ असतात, त्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, असे उत्तर यावर मिळते. तो असतो, हे खरे. पण काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही. थंडगार इंजिन पहिल्या काही मिनिटांत जितका कार्बन मोनॉक्साइड बाहेर टाकते तितका नंतरच्या बराच वेळच्या प्रवासातही टाकत नाही. म्हणजे जानेवारीच्या सकाळी मुलांना शाळेत सोडायच्या आधी गाडी गरम व्हावी म्हणून गॅरेजमध्ये चालू करून ठेवायची, हा सगळ्यांत वाईट वेळी केलेला सगळ्यांत वाईट प्रकार. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभियंत्यांनी हे मोजून पाहिले आहे. गॅरेजचे मोठे दार उघडे ठेवून गाडी फक्त दोन मिनिटे चालू ठेवली, तरी आतल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ५०० भागांपर्यंत गेला. गाडी बाहेर काढून दहा तास झाले तरी त्याचा अंश गॅरेजमध्ये मोजता येत होता. ‘शटर उघडे आहे ना, मग काय होतंय’ या वाक्याला याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही. गाडी बाहेर काढा, मग चालू ठेवा. बाहेर काढल्यावरही तिचा एक्झॉस्ट गॅरेजकडे किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून नको. काचेवरचा बर्फ खरवडायला हाताने पाच मिनिटे लागतात, तेवढी द्यावीत.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांनी एक नवी भर घातली आहे. किल्ली फिरवून काढायची नसल्यामुळे माणूस खिशातल्या किल्लीसह घरात जातो आणि इंजिन चालूच राहते. हायब्रिड गाडीत धोका आणखी फसवा : उभी असताना ती बॅटरीवर अगदी गप्प असते, आपल्याला बंद वाटते, आणि चार्ज उतरला की इंजिन आपोआप सुरू होते. अमेरिकेत अशा विसरलेल्या गाड्यांच्या धुराने घरात झोपलेली माणसे दगावली. २००६ पासून असे दोन डझनांहून अधिक मृत्यू झाल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने मे २०१८ मध्ये मांडले, आणि त्यानंतर तिथल्या कायद्याने गाडी आपोआप बंद होण्याच्या सोयीचा आग्रह धरला. आपल्याकडे हायब्रिड गाड्या भरपूर आहेत आणि रात्रपाळी करून दमून घरी येणारी माणसेही भरपूर आहेत. डॅशबोर्डचे दिवे विझलेले पाहिल्याशिवाय गाडीपासून हलू नका.

आता फराळ. घरभर तेलाचा वास नको, स्मोक अलार्म वाजायला नको, म्हणून कॅम्पिंगची गॅस शेगडी गॅरेजमध्ये मांडायची, पाऊस असेल तर शटर अर्धे ओढून घ्यायचे, आणि बायकांनी तिथे बसून तासन्‌तास चकल्या, शंकरपाळे, अनारसे तळायचे. ही रीत आपल्यात सर्रास आहे. अशा शेगडीच्या डब्यावरच ती बंदिस्त जागेत वापरू नये असे छापलेले असते. मोठ्या कढईखाली ज्योत दबते, हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तळणाऱ्या बाईचे डोके दुखायला लागते. सतत बसून काम, उपाशी पोट, तेलाची वाफ, असे म्हणून ती चहा घेते आणि पुन्हा कढईपुढे बसते. मधले दार उघडे असते, कारण पिठाचे गोळे आणि पोरे आतबाहेर करत असतात. वरच्या मजल्यावर कोणी बाळ झोपलेले असेल तर त्याच्याकडेही ती हवा चालली आहे. बार्बेक्यूचे निखारे तर याहून वाईट. ज्वाळा विझल्यानंतरही ते कित्येक तास वायू सोडत राहतात, आणि पाऊस आला म्हणून तो बार्बेक्यू उचलून गॅरेजमध्ये ठेवणे इथे नेहमीचे आहे. त्याच कारणाने गॅरेजमध्ये होमहवनही करू नका. फराळ स्वयंपाकघरातल्या कुकरवर, पंखा लावून आणि खिडकी उघडी ठेवून करा. पडद्यांना वास लागला तर पडदे धुता येतात.

जनरेटरचेही तेच. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या लाखो घरांची वीज गेली, काहींची दिवसेंदिवस आली नाही. अशा वेळी कोणी तरी छोटा जनरेटर आणते आणि तो भिजू नये म्हणून गॅरेजमध्ये लावते. १ एप्रिल २०१३ रोजी, ईस्टरच्या सुट्टीत, विंडरमिअर सरोवरात एका मोटरबोटीवर जनरेटरच्या धुराने आई आणि तिची लहान मुलगी गेली. बोट काय आणि गॅरेज काय, बंद जागा ती बंद जागा. जनरेटर घरापासून दूर, उघड्यावरच हवा.

पेट्रोलच्या कॅनबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण त्याची वाफ विषारीही आहे आणि भडकणारीही. मार्च २०१२ मध्ये टँकरचालकांच्या संपाची भीती होती, तेव्हा मंत्रिमंडळातल्या फ्रान्सिस मॉड यांनी लोकांना गॅरेजमध्ये जेरीकॅनभर पेट्रोल ठेवण्याचा सल्ला दिला आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. त्याच आठवड्यात यॉर्कमध्ये एक बाई स्वयंपाकघरात पेट्रोल एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असताना जवळच्या पेटत्या कुकरमुळे वाफेने पेट घेतला आणि ती गंभीर भाजली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, दाराखालून सरकते आणि बॉयलरची ज्योत किंवा जुन्या फ्रीझरची ठिणगी गाठते. ग्रेट ब्रिटनमध्ये २०१४ च्या नियमांनुसार घरी ३० लिटरपर्यंत पेट्रोल कोणालाही न कळवता ठेवता येते, प्लास्टिकच्या डब्यात १० आणि धातूच्या डब्यात २० लिटरपर्यंत. कायद्याने मुभा दिली म्हणून ते घरालगत ठेवावे असे मुळीच नाही. गवत कापायचा हंगाम आता संपलाच आहे. यंत्राची टाकी उघड्यावर रिकामी करा, कॅन बागेतल्या वेगळ्या शेडमध्ये ठेवा, आणि पुढचे यंत्र बॅटरीचे घ्या.

आग लागली नाही तरी ही वाफ रोज थोडी थोडी घरात येते, आणि तीत बेंझीन असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे. डिझेलचा धूरही २०१२ पासून त्याच गटात आहे. गॅरेज जोडलेल्या घरांत बेंझीनचे प्रमाण इतर घरांपेक्षा बरेच जास्त सापडते, असे कॅनडाच्या आरोग्य खात्याने दाखवून दिले आणि लोकांना ही दारे बंद करायला सांगितले. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या धुराबद्दल आता उघडपणे बोलले जाते. लंडनच्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा २०१३ मध्ये दम्याने गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचे प्रदूषण नोंदवले. त्यासाठी तिच्या आईने वर्षानुवर्षे झुंज दिली. रस्त्यावरची तीच गाडी रात्री बेडरूमखाली येऊन उभी राहते, तेव्हा मात्र कोणी काही म्हणत नाही.

आणखी एक वास खास आपला आहे : डांबरगोळ्यांचा. इथे नॅप्थलीनच्या गोळ्यांची विक्री २००८ मध्येच बंद झाली, पण भारतातून येणाऱ्या सामानात त्या अजून येतात आणि गॅरेजमधल्या बॅगांत, गोधड्यांत, रेशमी साड्यांत पडून राहतात. बाळंतपणासाठी आजी येते, जपून ठेवलेली दुपटी आणि गोधडी बॅगेतून निघते आणि थेट बाळाभोवती गुंडाळली जाते. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, आणि ती भारतीयांत आढळते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनच्या वाफेने फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. हात जोडून सांगणे आहे की डांबरगोळ्या काढून टाका. जुने कपडे बाळाला घालण्याआधी नुसते उन्हात टाकून भागणार नाही, ते धुवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत मोकळ्या हवेत ठेवा.

आता त्या मधल्या दाराकडे या. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनुसार घर आणि गॅरेज यांच्यामधले दार अर्धा तास आग थोपवणारे, कडेने धूर अडवणाऱ्या पट्ट्या असलेले आणि आपोआप मिटणारे असायला हवे. शिवाय सांडलेले पेट्रोल घरात येऊ नये म्हणून एकतर गॅरेजची फरशी दारापासून बाहेरच्या बाजूला उतरती हवी, नाहीतर दार गॅरेजच्या फरशीपेक्षा किमान १०० मिलिमीटर उंचावर हवे. हे सगळे आगीसाठी लिहिलेले आहे. वायूचा विचार त्यात दुय्यम आहे, पण दार नीट असेल तर दोन्ही अडतात. आपल्या घरांत या दाराचे काय होते? ते जड असते, पोरांच्या बोटांवर आपटते, हातात ताट असताना उघडत नाही. म्हणून वरचा मिटवणारा दांडा काढला जातो, खाली चपलेची किंवा लाकडाची पाचर लागते, कधी मांजरासाठी त्यात भोक पाडले जाते. घर विकत घेताना आधीच्या मालकाने ते बदलून साधे दार लावलेले असू शकते. आज घरी गेलात की ते दार पूर्ण उघडा आणि सोडून द्या. ते आपोआप येऊन खिट्टीत बसले पाहिजे. बसत नसेल तर दांडा बदलून घ्या, पट्ट्या झिजल्या असतील तर नव्या लावा, आणि दारच साधे निघाले तर या महिन्यातला दुसरा कुठला तरी खर्च पुढे ढकला.

दारानंतर भिंत आणि छत. बॉयलरचे पाइप, वॉशिंग मशीनची नळी, इंटरनेटची तार जिथून आत जाते तिथे भोकाभोवती अंगठा जाईल एवढी जागा मोकळी असते. ती आग-प्रतिरोधक सीलंटने भरून घ्या, साध्या फोमने भागत नाही. छताच्या बोर्डाला तडे असतील तर वरच्या बेडरूमच्या फळ्यांमधून हवा जाते. वाट शोधायची साधी युक्ती अशी : स्वयंपाकघरातला पंखा पूर्ण वेगाने लावा, खिडक्या बंद करा, आणि घराच्या बाजूने टिश्यू पेपरची पातळ पट्टी दाराच्या कडेने, पाइपांच्या भोकांशी फिरवा. ती घराच्या दिशेला फडफडली तर तिथून गॅरेजची हवा येते आहे. हे काम उदबत्तीने करू नका, पेट्रोलची वाफ असेल तर ठिणगी महागात पडेल. आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही : गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीतली जाळी किंवा झरोका बुजवायचा नाही. बॉयलर जुना असेल तर तो त्याच झरोक्यावर जगतो, आणि गॅरेजमधली वाफ बाहेर जायची वाटही तीच. बॉयलरला हात लावणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर नोंदलेलाच हवा. ओळखपत्र मागायला संकोच करू नका, ते दाखवणे त्याचे कामच आहे.

अलार्म पंधरा-वीस पौंडांपासून मिळतो. त्यावर ईएन ५०२९१ हे मानक छापलेले पाहा. स्मोक अलार्म हे काम करत नाही, हे आपल्यातल्या शिकल्यासवरल्यांनाही ठाऊक नसते. गॅरेजला लागून असलेल्या खोलीत एक आणि गॅरेजवरच्या बेडरूममध्ये एक लावा. बॉयलर दुसऱ्या खोलीत असेल तर तिथेही लावा. गॅरेजच्या आत लावून काम झाले असे समजू नका, आपल्याला जागे करणारा अलार्म आपण झोपतो तिथे हवा. त्याचे आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षांचे, तारीख मागच्या बाजूला असते. हेही ध्यानात ठेवा की तो थोड्याशा वायूला लगेच ओरडत नाही. दहा लाखांत ३०० भाग झाले तर तीन मिनिटांत वाजतो, पण ५० भागांना त्याला एक ते दीड तास लागतो. म्हणून अलार्म गप्प आहे एवढ्यावर गॅरेजमध्ये शेगडी चालवायची नाही.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी कायदा इथे अपुरा आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून घरमालकाने राहत्या खोलीत बॉयलर किंवा शेकोटीसारखे जळणावर चालणारे पक्के उपकरण असेल तर त्या खोलीत अलार्म लावलाच पाहिजे. गॅसचा कुकर त्यातून वगळलेला आहे. पण वर बेडरूम, खाली दुसऱ्याची गाडी आणि घरात विजेचे हीटिंग असेल, तर मालकावर काहीच बंधन नाही. ही पळवाट बंद व्हायला हवी आणि आपल्या भागाच्या खासदाराला तसे पत्र लिहायला हवे. तोवर मालकाला ईमेलने लेखी कळवा, उत्तर आले नाही तर कौन्सिलच्या एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ विभागाकडे जा. २००४ च्या हाउसिंग ॲक्टखाली घरातल्या ज्या धोक्यांची तपासणी होते त्यांत कार्बन मोनॉक्साइड आणि उडून जाणारी रसायने दोन्ही आहेत. शेजाऱ्याच्या गॅरेजमधून धूर येत असेल तर १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचे ७९ वे कलम खासगी घरातून येणाऱ्या धुराला आणि वायूला लागू होते. तो तिथे गाड्या दुरुस्तीचा धंदा करत असेल तर वासालाही. आधी शेजाऱ्याशी गोड बोलून पाहा. कोच हाउसमध्ये राहणाऱ्यांनी तर खालच्या गॅरेजवाल्यांची ओळख करूनच घ्यावी.

नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची काळजी वेगळीच आहे. स्वस्तात खोली म्हणून गॅरेजच भाड्याने दिले जाते. स्लाऊ कौन्सिलने २०१३ मध्ये विमानातून उष्णता टिपणारी छायाचित्रे घेऊन अशा वस्तीच्या शेडचा शोध घेतला होता, तरी हा प्रकार संपलेला नाही. तिथे थंडी असह्य होते, मग गॅसच्या सिलिंडरवरचा हीटर येतो आणि दारांच्या फटी कापडाने बुजवल्या जातात. तुमच्या ओळखीत कोणी असे राहत असेल तर त्याला आज फोन करा. आपल्या घरात चार दिवस झोपायला जागा द्यावी लागली तर द्या.

लक्षणे ओळखायला शिका : डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, थकवा, धाप, गोंधळल्यासारखे होणे. फ्लूसारखे वाटते पण ताप नसतो, घराबाहेर पडले की बरे वाटते, आणि एकाच वेळी घरातल्या दोघातिघांना होते. गर्भवती, लहान बाळे आणि हृदयविकार असलेली माणसे यांना सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्रास होतो. कोविडच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे पूर्ण फसवतो : कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि तो ९८ किंवा ९९ दाखवतो. त्या आकड्यावर विसंबू नका. रक्ताची तपासणी लागते, आणि मोकळ्या हवेत गेल्यावर काही तासांत रक्तातला वायू कमी होत जातो, म्हणून उशीर न करता जा आणि डॉक्टरांना ‘कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे’ असे स्वतःहून सांगा.

भारतातून आलेले आई-वडील दिवसभर घरातच असतात, आणि ते तक्रार करत नाहीत. ‘इथली थंडी मानवत नाही’ असे म्हणून डोक्याला बाम लावून पडून राहतात. पोराला खर्च पडेल ही भीतीही असते. त्यांना सांगा की इंग्लंडमध्ये ए अँड ई विभागातले तातडीचे उपचार पाहुण्यांनाही मोफत आहेत, शुल्काचा प्रश्न दाखल करून घेतल्यानंतर येतो. त्यांना रोज विचारा, आणि बागेत किंवा फिरायला गेल्यावर डोके थांबते का, हे नेमके विचारा.

अलार्म वाजला किंवा संशय आला, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा. जाताजाता जमले तर उपकरणे बंद करा, दारे-खिडक्या उघडा, पण त्यासाठी आत थांबू नका. कोणी बेशुद्ध असेल, छातीत दुखत असेल तर ९९९. गॅस उपकरणाचा संशय असेल तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ०८०० १११ ९९९, उत्तर आयर्लंडमध्ये ०८०० ००२ ००१. दोन्ही चोवीस तास चालू असतात. तपासणारा माणूस सांगेपर्यंत घरात परत जाऊ नका, बाळाची दुधाची बाटली आणायलाही नाही.

१९३२ पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाला आणि गावोगावच्या सर्व मराठी मंडळांना विनंती आहे की यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात दोन मिनिटे यासाठी राखून ठेवा. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या भगिनींना तुम्ही ओळखता, त्या कुठे तळतात ते विचारा. देणगीच्या पैशांतून दहा-वीस अलार्म आणून नव्या विद्यार्थ्यांना वाटा. हा मजकूर व्हॉट्सॲपवर नुसता पुढे ढकलू नका. आधी स्वतः उठा, गॅरेजचे दार सोडून ते आपोआप मिटते का पाहा, अलार्मचे बटण दाबून तो वाजतो का पाहा, आणि मग ज्यांच्या घरात अलार्म नाही अशा एका कुटुंबाला फोन करा.